व्यंकटय्यांच्या तक्त्यावरची ती ओळ

माझ्या पलंगाच्या पायथ्याशी एक पुठ्ठा टांगलेला होता. त्यावर लिहिलेलं होतं : 'उजवी बाजू लुळी.' लुळी होती ती डावी.

वाचणाऱ्याला वाटेल, यात एवढं काय! मग ऐका. माझ्या धडधाकट हाताला रोज सकाळी तेल लावून चोळलं जाई आणि निकामी हात अंगाखाली चेंगरून पडे. पाण्याचा तांब्या डावीकडे ठेवत, कारण डावा हात चालतो असं कागद सांगत होता. तहान लागली की मी तांब्याकडे नुसता बघत पडायचो. जीभ जड झाली होती. बोलायला गेलं की घरघर तेवढी बाहेर पडायची. पेन्सिल द्या, असं सांगायला मी उजव्या हातानं हवेत लिहून दाखवलं, तर सिस्टर म्हणाल्या, "बघा, लुळ्या हाताला झटके येताहेत." उजवा हात गेलेल्या माणसाला पेन्सिल कोण देणार?

हे मी बरा झाल्यावर लिहितो आहे. घरात अर्धांगाचा रोगी असलेल्या लोकांच्या उपयोगी पडावं, हे एक कारण. एका बाईवर खोटा आळ आला, तो माझ्यामुळे आला आणि मी गप्प बसलो, हे दुसरं. दुसरं कारण नसतं तर मी लिहायला बसलो नसतो.

झटका

दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. सोलापुरातल्या एका कापड गिरणीत टायमकीपर म्हणून उभा जन्म काढून मी नुकताच रिटायर झालो होतो. सकाळी दाढीला बसलो होतो. आरशात बघतो तर डाव्या गालावरून फेस ओघळतोय आणि मला त्याचा ओलावाच कळत नाही. बायको चहा घेऊन आली. म्हणाली, "अहो, तोंड असं वाकडं काय करताय? थट्टा सुचतेय सकाळी सकाळी?" मी काहीतरी उत्तर दिलं. ते तिला कळलं नाही. तिच्या हातातली बशी खाली पडली आणि मला पहिल्यांदा भीती वाटली.

शेजाऱ्यांनी खुर्चीत बसवून जिना उतरवला. इस्पितळात डॉक्टरांनी पायाच्या तळव्यावर किल्ली ओढून पाहिली आणि बायकोला व्हरांड्यात नेऊन सांगितलं. मला काहीच सांगितलं नाही. बोलता येत नाही म्हणजे ऐकूही येत नसावं, असं तिथे सगळ्यांचंच मत होतं. आठ दिवसांनी तिथली खाट खाली करावी लागली. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, मुलगा पुण्याला, बायकोचे गुडघे दुखरे. मला उचलून कूस बदलणं तिच्या आवाक्यात नव्हतं. म्हणून गावाबाहेर एका ट्रस्टनं चालवलेल्या निवासात मला हलवलं. म्हातारी, लुळी, अंथरुणाला खिळलेली माणसं तिथे महिनोन्महिने राहात. मी अकरा महिने राहिलो.

इस्पितळाच्या कागदावर 'डावी' बरोबर लिहिलेलं होतं. निवासात आल्यावर ते तीन ठिकाणी उतरवलं गेलं : सिस्टरांच्या रजिस्टरात, औषधांच्या वहीत आणि पलंगाच्या पुठ्ठ्यावर. त्या पुठ्ठ्याला तक्ता म्हणत. रोग्याला काय खायला घालायचं, कसं उठवायचं, कुठे जखम आहे, काय चालत नाही, ते त्यावर असायचं. माझं डावं-उजवं तक्त्यावर उतरताना फिरलं. बायकोनं दुसऱ्याच दिवशी ते पाहिलं आणि सांगितलं. सिस्टर म्हणाल्या, करते दुरुस्त. त्या खरंच दुरुस्त करायला गेल्या; रजिस्टर उघडून पाहिलं, तिथे बरोबरच होतं, म्हणून बंद केलं. बायकोनं पुन्हा सांगितलं. "अहो ताई, बरोबर आहे, मी स्वतः पाहिलं." तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा त्या चिडल्या.

शेवंताबाई

निवासातल्या माणसांत चूक पकडली ती शेवंताबाईंनी. आमच्या खोलीच्या त्या आया. मोहोळच्या, पन्नाशीच्या, अंगानं काटक. त्यांना अक्षर वाचता येत नसे. सिस्टर तक्ता वाचून दाखवत आणि त्या लक्षात ठेवत.

एका सकाळी माझा उजवा हात चोळता चोळता त्या थांबल्या. "ह्यो हात माज्या मनगटाला धरतोय की! लुळा कसला ह्यो?" मग माझ्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, "अण्णा, दुसरा हाय व्हय?" मी मान हलवली. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. पंधरा दिवसांत मला कुणी विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

त्या सिस्टरांकडे गेल्या. सिस्टर म्हणाल्या, लिहिलंय तसं कर. शेवंताबाईंनी मान डोलावली आणि त्या दिवसापासून मुकाट्यानं डावा हात चोळायला लागल्या. पुढे तीन महिन्यांनी त्या हाताची बोटं हलली ती त्यांच्यामुळे. कुठल्या कागदामुळे नाही.

त्यांची स्वतःची एक पद्धत होती. त्यांचा भाऊ मागावर होता. त्याच्याकडून त्या चादरीच्या रंगीत सुताचे तुकडे आणत आणि पलंगाच्या दांडीला बांधत. पिवळं सूत म्हणजे साखरेचा रोगी. हिरवं म्हणजे पाठीला जखम, कूस बदलत राहा. लाल म्हणजे याला ठसका लागतो. उठवून बसवल्याशिवाय, घट्ट केल्याशिवाय तोंडात काही घालू नका. बाकीच्या आयाही सूत बघूनच काम करत. डॉक्टरांचा हुकूम बदलला की शेवंताबाई त्याच घटकेला सूत बदलत. ते कुणी त्यांना शिकवलं नव्हतं.

माझ्या हाती तक्ते

जीभ सैल झाल्यावर मी पहिलं काय केलं असेल तर भांडण. तक्त्यांवर काय वाटेल ते लिहिलेलं असतं, तीन वह्या तीन गोष्टी सांगतात, गिरणीत असा कारभार एक दिवस चालला नसता, असं मी सिस्टरांना सुनावलं. त्या बिचाऱ्या एकट्या तीसेक माणसांचं बघत होत्या. म्हणाल्या, "अण्णा, तुमचं अक्षर सुंदर आहे म्हणे. तुम्हीच घ्या हे काम."

मी घेतलं. चाकाच्या खुर्चीत बसून पलंगोपलंगी जायचो, प्रत्येकाला विचारायचो. तुला कुठल्या कुशीवर झोप येते? गोळी कशातून गिळतोस? कोण भात खात नाही, कुणाला कमी ऐकू येतं, कोण लघवीला सांगायला लाजतो. गुरुवारी डॉक्टर आले की त्यांच्या मागे मागे खुर्ची घेऊन फिरायचो आणि ते बोलतील ते तिथल्या तिथे उतरवायचो. दोन महिने मी हे इतकं चोख केलं की सगळे मला मान द्यायला लागले.

ज्यांच्या घरचं माणूस अशा ठिकाणी आहे, त्यांना एवढंच सांगतो : रोज गेल्यावर आधी पलंगाचा कागद वाचा. डबा नंतर उघडा. आणि कागद बरोबर आहे का, ते कागदाला विचारू नका, माणसाला विचारा. त्याला बोलता येत नसेल तर त्याला हो-नाही करता येईल असं विचारा.

हे मला कळत होतं. तरी तिसऱ्या महिन्यात मी कंटाळलो. पाठीची जखम आजही तशीच, पेज आजही तीच. मग जुनी सवय वर आली. गिरणीच्या हजेरीत वरच्यासारखंच खाली असलं की आम्ही 'सदर' लिहायचो. एक शब्द लिहिला की पुढच्या माणसाकडे. मी तक्त्यांवर 'सदर' लिहायला लागलो. आधी ज्यांचं खरंच काही बदललं नव्हतं त्यांच्या. मग सगळ्यांच्या.

बायको रोज दुपारी बसनं डबा घेऊन यायची. दुधात कुस्करलेली भाकरी, कधी शेंगांची चटणी चवीला. ती माझ्याकडे बघत बसायची. एकदा म्हणाली, "गिरणीत हजेरी मांडून पोट भरलं नाही वाटतं?"

गुरुवार

माझ्या शेजारच्या पलंगावर व्यंकटय्या होते. जन्मभर मागावर बसलेला तेलुगू माणूस, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा. त्यांना झटका आलेला, वर साखर, वर पाठीला जखम. मराठी मोडकंतोडकं. दिवसातून दहा वेळा मला हाक मारून दोन बोटं जवळ आणून दाखवायचे आणि म्हणायचे, "अण्णा, कोंचम चाय." म्हणजे थोडासा चहा. मी म्हणायचो, "पुरे आता व्यंकटय्या, सकाळीच झाला की!" त्यावर ते वाकड्या तोंडानं हसायचे. "सकाळ वेगळा. आता वेगळा." चहाचा तेवढा शौक त्यांना राहिला होता. तक्त्यावर माझ्याच अक्षरात होतं : 'चहा, पेज, ताक, सर्व चालेल, साखर नको.'

त्या गुरुवारी डॉक्टर आले तेव्हा माझी बायको आलेली होती आणि आमचं वाजलं होतं. मी घरी यावं असं ती म्हणत होती. मुलानं जिन्याला कठडा करून घेतला होता. मी म्हणालो, अजून पायात बळ नाही. ती म्हणाली, "बळ आहे. तुम्हाला घरी यायचं नाही. इथे सगळे अण्णा अण्णा करतात ना." ते खरं होतं, म्हणून मी चिडलो आणि भिंतीकडे तोंड करून पडलो. डॉक्टरांच्या मागे गेलो नाही.

डॉक्टरांनी व्यंकटय्यांना चमच्यानं पाणी पाजून पाहिलं. ठसका लागला. ते म्हणाले, "पातळ सगळं बंद. चहा नाही, ताक नाही. बसवून, घट्ट पेज, चमचा चमचा." सिस्टरांना वाटलं, अण्णा लिहितील. शेवंताबाईंनी कनवटीतून लाल सूत काढून दांडीला बांधलं. संध्याकाळी मी तक्ते फिरवले आणि व्यंकटय्यांच्या तक्त्यावर लिहिलं : 'सदर.'

पाहुणे

त्या रविवारी ट्रस्टच्या मंडळींबरोबर काही पाहुणे येणार होते. झाडलोट, धुतलेल्या चादरी, गडबड. सिस्टरांनी मला विचारलं, "अण्णा, ती सुतं बरी दिसत नाहीत. काढू का? तक्ते सगळे पुरे आहेत ना?"

मी म्हणालो, "पुरे आहेत. काढा त्या चिंध्या."

शेवंताबाई एकेक सूत सोडत होत्या. व्यंकटय्यांच्या पलंगाशी थांबल्या. "अण्णा, लाल तेवढं ऱ्हाऊ द्या की. पावनं गेल्यावर काढते."

"कागदावर आहे सगळं, शेवंताबाई. वाचता येणाऱ्याला वाचता येतं."

हे मी बोललो. त्यांनी सूत सोडून कनवटीला लावलं.

पाहुणे आले. शेवंताबाईंना कपबशा आणायला स्वयंपाकघरात पाठवलं होतं. पाहुण्यांतल्या एक वयस्क बाई स्वतःच्या हातानं रोग्यांना चहा-बिस्किटं देत होत्या. बाई चांगल्या होत्या, व्यंकटय्यांच्या पलंगाशी आल्यावर आधी तक्ता उचलून वाचला, मोठ्यानं. खालचा 'सदर' बघून बोट वर नेलं : "चहा, पेज, ताक, सर्व चालेल." व्यंकटय्यांनी दोन बोटं जवळ आणली.

मी पाच हातांवर होतो. लाल सूत मला आठवलं. लाल कशासाठी असतं ते मला ठाऊक होतं. इतक्या लोकांपुढे 'थांबा, तक्ता चुकलाय' म्हणायचं माझ्या जिवावर आलं. एका घोटानं काय होतंय, असं मी मनाला सांगितलं. किती वेळ गेला असेल? बशीत चहा ओतायला लागतो तेवढा.

व्यंकटय्यांनी बशी संपवली. मग ठसका लागला तो थांबेना. शेवंताबाई कपबशा टाकून धावत आल्या, त्यांना कुशीवर घेतलं, पाठ थोपटली. रंग परत आला. पण दुसऱ्या दिवशी ताप भरला, छातीत घरघर सुरू झाली आणि अकराव्या दिवशी ते गेले.

पातं

पाहुणे गेल्यावर, त्याच संध्याकाळी, मी व्यंकटय्यांचा तक्ता मांडीवर घेतला. गिरणीत चुकीची शाई आम्ही दाढीच्या पात्यानं खरवडायचो. मी 'सदर' खरवडला आणि त्या जागी लिहिलं : 'पातळ सर्व बंद.' कागद हलू नये म्हणून डाव्या हातानं दाबून धरला होता. तेवढं बळ त्या हातात शेवंताबाईंनी आणलं होतं.

चौकशी झाली ती सेक्रेटरींच्या खोलीत. मला तक्त्यांचा माणूस म्हणून बोलावलं होतं. सेक्रेटरी म्हणाले, "तक्त्यावर स्वच्छ लिहिलंय, पातळ बंद. मग चहा दिलाच कसा गेला? खोली कुणाकडे होती?"

शेवंताबाई म्हणाल्या, "सायेब, तवा तक्त्यावर ते न्हवतंच. त्या बाईंनी मोठ्यानं वाचलेलं आयकू येत हुतं मला, दारातनं. सर्व चालंल, आसं वाचलं त्येनी. मी पोचेस्तवर बशी तोंडाला लागली हुती."

"तुम्हाला वाचता येतं का?"

"न्हाय."

"मग तक्त्यावर काय होतं आणि काय नव्हतं, हे तुम्ही कसं सांगता?"

त्या माझ्याकडे वळल्या. "अण्णा, तुमी सांगा की."

मी जिभेवर ढकललं. बोलायला लागून चार महिने झालेला माणूस मी. त्या वेळी घरघर काढली आणि मान खाली घातली. सेक्रेटरी म्हणाले, "राहू द्या, त्यांना त्रास नको." दुसऱ्या दिवसापासून शेवंताबाई कामावर नव्हत्या. रजिस्टरात लिहिलं गेलं : आयेच्या हयगयीमुळे. त्या पानावर त्यांचं नाव आहे.

मोहोळ

मी घरी आलो, काठी घेऊन चालायला लागलो. लोक म्हणत, अण्णांनी जिद्दीनं आजार परतवला. मला त्या शब्दाचा वीट यायचा. बायकोला मी एक वर्षानं सांगितलं. तिनं दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मला सांगून मोकळे झालात? ती बाई कुठाय?"

तरीही मी आणखी तीन वर्षं काढली. तब्येत, पाऊस, पाय. कारणं भरपूर होती. शेवटी बायकोनंच मला एसटीत बसवलं आणि बरोबर आली.

शेवंताबाई खुरपून घरी येत होत्या. निवासात म्हातारा मारला म्हणून गावात कुणी त्यांना दुखणाइताजवळ बोलवत नव्हतं. ज्या कामात त्यांचा हात धरणारा मी पाहिला नाही, तेच बंद झालं होतं. मी उंबऱ्याशी उभा राहून सगळं सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकलं.

"मोहोळला यायला चार वर्सं लागली व्हय, अण्णा? एष्टी तर तासाला हाय."

मी माफी मागायला गेलो, तर हात वर करून म्हणाल्या, "मला काय सांगताय? मला ठावं हाय की. ज्यास्नी ठावं न्हाय त्यास्नी सांगा."

मग बायकोला आत घेऊन गेल्या, तिला चहा केला. मला बाहेर पाणी दिलं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांना

व्यंकटय्यांच्या मुलाकडे गेलो. तो मागावर होता. मी बोलत असताना त्यानं माग थांबवला. मग म्हणाला, "त्या बाईला आमी लई बोललो होतो, अण्णा. लई घाण बोललो. तिचं घर कुठं आहे ते सांगा." मला तो एक शब्द वाईट बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

निवासात तीन खेपा घातल्या. सेक्रेटरी बदललेले. "अण्णा, तुम्ही बरे होऊन चालत आलात, हेच आमचं भाग्य. जुनं कशाला उकरता?" मी म्हणालो, रजिस्टरातल्या त्या ओळीखाली मला दोन ओळी लिहू द्या, सही करतो. ते म्हणाले, ते रजिस्टर बंद झालं, बंद रजिस्टरात लिहिता येत नाही. पत्र देतो म्हणालो. द्या म्हणाले. दिलं. उत्तर आलं : 'आपले पत्र मिळाले.' मी दुसरं पाठवलं. त्याचंही तेच उत्तर आलं, फक्त तारीख नवी. मला तर वाटतं, खाली 'सदर' लिहून भागवलं असणार.

म्हणून हे लिहिलं आहे, छापायला देण्यासाठी. चुकलेल्या तक्त्यानं एक माणूस गेला आणि खोट्या तक्त्यानं एका बाईचं नाव गेलं. दोन्ही तक्ते माझ्या अक्षरातले होते, चुकलेलाही आणि खोटा केलेलाही. शेवंताबाईंची चूक नव्हती. त्यांचं सूत खरं होतं.

देण्याआधी मागच्या आठवड्यात मोहोळला जाऊन हे सगळं त्यांना वाचून दाखवलं. ओसरीवर शेजारच्या चार बायका येऊन बसल्या होत्या. शेवंताबाईंनीच बोलावल्या होत्या. त्यांनी दोन ठिकाणी थांबवलं. भाऊ नव्हे, चुलतभाऊ मागावर होता, पण "ऱ्हाऊ द्या, भावावानीच हाय." दुसरं ठिकाण ऱ्हाऊ दिलं नाही. चौकशीनंतर 'त्या रडत रडत फाटकातून बाहेर गेल्या' असं मी लिहिलं होतं.

"ह्ये कुटनं आनलं?"

"मला तसं आठवतं."

"मी रडले न्हाय. फाटकात हुबी ऱ्हाऊन तुमच्या नावानं वरडले. समदी बाहेर आली हुती बगायला. तुमी खिडकीत हुता."

बायका माझ्याकडे बघत होत्या. माझी बायकोही.

"मग?" शेवंताबाई म्हणाल्या. "म्होरं काय झालं, ते तुमी सांगा. आता तर बोलता येतंय की."

मी ती ओळ खोडली. खरवडली नाही, वाचता येईल अशी खोडली, आणि वर लिहिलं : त्यांनी मला नावानं हाक मारली. मी खिडकी लावून घेतली.